गप्प सापळ्याला आधी हाक मार

बाळा,

भिवंडीच्या गोडाऊनचं काम तुझ्याकडे आलंय आणि तिथले सापळे फोनवर निरोप धाडणारे आहेत, हे वहिनींकडून कळलं. लेक आता एसीत बसून उंदीर पकडणार, असं त्यांना वाटतंय. पहिल्या आठवड्यात तुझे मळलेले गुडघे बघितले की त्यांचं त्यांनाच उमगेल. पण काम चांगलं आहे. आम्ही सकाळी पेटी उघडायचो तेव्हा उंदीर अडकलाय एवढंच कळायचं. तुला तो रात्री किती वाजता अडकला तेही कळणार आहे, आणि त्या वेळेत खूप काही दडलेलं असतं.

माझं सांगणं थोडक्यात असं, की या यंत्रामुळे रिकाम्या पेट्या उघडून बघण्याच्या फेऱ्या वाचतात. तो वाचलेला वेळ उंदीर मुळात आत कुठून आला हे शोधण्यात घाल. आता एकेक सांगतो. घाईने वाचू नकोस.

१. सापळ्याला नेमकं काय कळतं ते आधी समजून घे. बऱ्याच चापाच्या सापळ्यांत एक छोटं लोहचुंबक आणि एक स्विच असतो. चाप पडला की चुंबक सरकतं आणि निरोप जातो — म्हणजे त्याला ‘चाप पडला’ एवढंच ठाऊक असतं, कोणावर पडला ते तुलाच बघावं लागतं.

२. बेट स्टेशनमधला, म्हणजे आमिषाच्या पेटीतला, सेन्सर हालचाल टिपतो. कोणीतरी येऊन गेलं एवढीच ती बातमी असते — ते कोणीतरी पाल, बेडूक, गोगलगाय किंवा चिचुंद्रीसुद्धा असू शकतं.

३. चिचुंद्रीला उंदीर म्हणून वहीत चढवू नकोस. लांब नाकाची ती किडे खाणारी, कुळच वेगळं — ती तुझ्या धान्यासाठी येत नाही, झुरळांसाठी येते. ती सापडली की त्या भागातली गटारं आणि पँट्रीचं सिंक तपास.

४. सापळ्याचा निरोप आधी भिंतीवरच्या गेटवेला पोचतो, तिथून इंटरनेटवर, मग तुझ्या फोनवर. निरोप आला नाही तर या तीन टप्प्यांपैकी कुठला तुटलाय ते पाहायला शीक — नाहीतर तू बॅटऱ्या बदलत बसशील आणि दोष गेटवेच्या सिमकार्डाचा निघेल.

५. आपल्या देशात यातले पुष्कळ सेन्सर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात, त्याला परवाना लागत नाही. मालकाने परदेशातून स्वस्तात संच आणला असेल तर पट्टा आधी विचार — युरोपात ८६८ चा असतो, अमेरिकेत ९१५ चा, आणि तो तसाच इथे लावणं नियमातही बसत नाही.

आता ज्या गोष्टीपायी मोठमोठी गोडाऊनं गाफील राहतात ती सांगतो. फोनवर सगळे ठिपके हिरवे असले की माणूस सुखावतो. पण सापळा रिकामा असणं आणि सापळा गप्प असणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि पडद्यावर कधीकधी त्या सारख्याच दिसतात. मुका सापळा, मोकळा उंदीर.

६. बरी यंत्रणा असेल तर प्रत्येक सापळा ठरावीक वेळाने ‘मी आहे’ असा निरोप धाडत असतो. सकाळी फोन हातात घेतलास की आधी तो निरोप कोणाकडून आला नाही ते बघ, पकड नंतर — पकडलेला उंदीर कुठे पळत नाही, पण गप्प सापळ्याच्या कोपऱ्यात रात्रभर काय चाललंय ते कोणालाच माहीत नसतं.

७. महिन्यातून एकदा प्रत्येक सापळा लाकडी पट्टीने स्वतः पाड आणि फोनवर निरोप येईपर्यंत तिथेच उभा राहा. किती वेळाने आला तेही लिही — मागच्या महिन्यात लगेच येणारा निरोप या वेळी रेंगाळत आला, तर तो सापळा तुला आजारपण कळवतोय.

८. ही चाचणी गोडाऊन मालाने भरलेलं असताना घे. मोकळ्या शेडमध्ये सगळीकडे सिग्नल झकास येतो — तेलाच्या डब्यांच्या थप्प्या आणि लोखंडी रॅक मध्ये आले, की मागच्या भिंतीचे सापळे एकेक करून मुके होतात.

९. शीतगृहाच्या भिंतींत पत्रा असतो, दार बंद झालं की लहरी आतच अडकतात. गेटवे शक्यतो आत घे, आणि तिथल्या बॅटऱ्या जरा लवकर बदल — थंडीत बॅटरीचं बळ कमी पडतं.

१०. गेटवेच्या प्लगवर मोठ्या अक्षरांत ‘काढू नये’ असं मराठीत आणि हिंदीत लिहून चिकटव, जमलं तर प्लगला कुलूपबंद डबी लाव — रात्रपाळीच्या माणसाला मोबाइल चार्ज करायला नेमका तोच पॉइंट सोयीचा वाटतो. त्याला बोल लावू नकोस. त्याच्यासाठी शेजारी दुसरा पॉइंट मागून घे.

११. आठवडी सुट्टीला वॉचमन मेन स्विच पाडतो का, ते पहिल्याच भेटीत विचार. पाडत असेल तर गेटवेला वेगळी लाइन किंवा छोटा यूपीएस लागेल — माणसं नसतात त्याच रात्री उंदीर सगळ्यात जास्त फिरतो.

१२. सिमकार्डाचं रिचार्ज कोणी करायचं, ते नावानिशी ठरवून घे. ‘ऑफिस करेल’ हे उत्तर घेऊ नकोस — ऑफिस नावाचा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

१३. बॅटरी बदललीस की झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख टाक, आणि एका भागातल्या सगळ्या बॅटऱ्या एकदमच बदल — एक संपली की बाकीच्याही मागोमाग संपतातच, आणि मग तुझा महिना एकेका बॅटरीसाठी हेलपाटे घालण्यात जातो.

१४. यातल्या बऱ्याच बॅटऱ्या लिथियमच्या आणि एकदाच वापरायच्या असतात. त्या चार्ज करू नकोस, आणि कचऱ्याच्या ढिगातही टाकू नकोस — दाबल्या गेल्या, भोसकल्या गेल्या तर पेट घेतात. शिवाय २०२२ पासून वापरलेल्या बॅटऱ्यांसाठी वेगळे नियमच आले आहेत.

सापळा कुठे ठेवायचा हे कुठलंही ॲप तुला सांगणार नाही. तिथे जुनीच विद्या लागते.

१५. सापळा भिंतीशी काटकोनात ठेव, चापाची बाजू भिंतीकडे — उंदीर मिशा भिंतीला घासत कडेकडेने चालतो, मोकळ्या मैदानात तो जीव मुठीत धरूनच उतरतो.

१६. आपल्याकडच्या शेडमध्ये घरउंदीर जास्त, आणि तो पक्का चढणारा. खालचे सापळे गप्प आणि गोण्या मात्र कुरतडलेल्या दिसल्या, की मान वर कर — केबल ट्रे, पाइप, छताच्या कैच्या यांवर त्याचा रस्ता असतो. रस्ता सापडला तर सापळा तिथेच बांध, आणि पडून कोणाच्या डोक्यावर येणार नाही असा बांध.

१७. त्याचा रस्ता ओळखायचा कसा, तर टॉर्च तिरकी धर. जिथून तो रोज जातो तिथे अंगाच्या तेलाने आणि मातीने काळसर चकाकता पट्टा उमटतो. बोट लावलंस तर ताजा पट्टा जरा पसरतो, जुना कोरडा असतो. बोट अर्थातच हातमोज्यातलं.

१८. लेंडी बघ. तांदळाच्या दाण्यापेक्षाही छोटी असेल तर घरातला लहान उंदीर, सेंटिमीटरभर लांब आणि टोकाला निमुळती असेल तर मोठा घरउंदीर — दोघांचे सापळेही वेगळे आणि स्वभावही वेगळे.

१९. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. त्याच्या वाटेवर सापळा ठेवल्यावर काही दिवस चाप न लावता नुसतं आमिष ठेव, हालचाल टिपणारा सेन्सर असेल तर त्यावर त्याची ये-जा बघ, आणि तो निर्धास्त खायला लागला की मग चाप लाव. छोट्या उंदराचं उलट असतं. तो चौकस, नवं दिसलं की आधी तिथेच येतो — त्याच्यासाठी थांबून राहण्यात दिवस फुकट जातात.

२०. घूस बाहेर जोत्यालगत बीळ करते, आणि अंगाने चांगली दांडगी असते. छोट्या चापातून ती सुटून जाते — फोनवर ‘चाप पडला’, आणि जाऊन बघावं तर पेटी उलटी आणि आत कोणी नाही, असं दोनदा झालं की घुशीचा संशय घे आणि जोत्याभोवती ताज्या मातीचे ढीग शोध.

२१. धान्याच्या गोडाऊनमध्ये धान्याचंच आमिष लावू नकोस, तिथे ते ढिगाने आहे. पाणीदार फळाची फोड लाव, किंवा सुतळीचा, कापसाचा छोटा गोळा चापाला घट्ट बांध — कोरड्या जागी त्याला पाणी हवं असतं, आणि पिलांच्या वेळी मादीला घरटं भरायला सुतळी.

२२. खाद्यपदार्थांच्या कारखान्यात शेंगदाण्याचं लोणी लावण्यापूर्वी तिथल्या क्वालिटीच्या माणसाला विचार — शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्या माणसासाठी तो पदार्थ बनत असेल, तर तुझं बोटभर आमिष उंदरापेक्षा महागात पडेल.

२३. विष बाहेरच्या कुलूपबंद स्टेशनमध्ये, आत फक्त सापळे. ब्रोमाडिओलोनची वडी खाल्लेला उंदीर तिथल्या तिथे मरत नाही, काही दिवसांनी कुठेतरी फटीत जाऊन मरतो — तो रॅकच्या मागे मेला तर वास येईपर्यंत ना तुला कळेल ना सेन्सरला. त्या वडीचं लेबल कायम जवळ ठेव. त्यावर उतारा म्हणून व्हिटॅमिन के-१ लिहिलेलं असतं, आणि डॉक्टरला पहिल्यांदा तेच लागतं.

२४. चिकट पॅड मागितले तर नम्रपणे नाही म्हण. जनावर त्यावर तासन् तास तडफडतं, आणि भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानेही त्यांच्याविरुद्ध सूचना काढलेल्या आहेत — उंदीर मारणं हे आपलं काम आहे, त्याला छळणं नाही.

२५. जिवंत पकडणारी पत्र्याची पेटी असेल तर निरोप आल्याबरोबर माणूस गेलाच पाहिजे. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ती पेटी तापते आणि आतला जीव तहानेने मरतो — लगेच कळण्याची सोय असूनही उशीर केला, तर त्याला सबब उरत नाही.

आकड्यांचं आणि नकाशाचं बघ. कंटाळवाणं आहे, म्हणून तर तिथेच सगळे घसरतात.

२६. सापळ्यावर नंबर, त्याच्या वर भिंतीवर तोच नंबर, ॲपमध्ये तोच, आणि गेटवरच्या कागदी नकाशातही तोच — हे चार जुळले तर ऑडिटचा अर्धा ताण गेला.

२७. झाडलोट करणारी माणसं सापळे उचलतात आणि परत ठेवताना सतराच्या जागी एकोणीस ठेवतात. ॲपला ते कळत नाही. ते तुला उत्तरेच्या भिंतीचा उंदीर दक्षिणेला दाखवतं. हलला सापळा, हरवला माग. म्हणून झाडूवाल्या मावशींशी ओळख ठेव, भिंतीवरचा नंबर त्यांना दाखव, आणि दिवाळीच्या साफसफाईनंतर दुसऱ्याच दिवशी एक पूर्ण फेरी मार.

२८. फोर्कलिफ्टच्या वाटेवरच्या सापळ्याला लोखंडी कमान बसवून घे — धक्क्याने चाप पडतो, खोटे निरोप येतात, आणि खोट्या निरोपांची सवय झाली की खऱ्या निरोपालाही माणूस उठत नाही.

२९. खोटा निरोप पुसून टाकू नकोस, त्याचं कारण लिहून बंद कर: पाल, धक्का, पाणी, मुंग्या. वर्षाअखेरीस तीच यादी सांगते की कुठला सापळा चुकीच्या जागी आहे.

आता त्या वेळेबद्दल, जिच्याविषयी सुरुवातीला म्हणालो.

३०. रोज निरोप वाच, पण आठवड्यातून एकदा सगळ्या निरोपांच्या वेळा एका कागदावर मांड. समज, दक्षिणेच्या भिंतीचे तीन सापळे पुन्हा पुन्हा रात्री दोन ते तीनच्या दरम्यानच पडतायत. उंदराला घड्याळ नसतं. त्या तासात गोडाऊनमध्ये काय घडतं ते विचार. बहुधा असं निघेल, की रात्रीचा ट्रक दीडला येतो, चार नंबरचं शटर वर जातं, माल उतरतो, आणि उकाडा म्हणून शटर अर्धवट तसंच राहतं. तुझं काम मग सापळे वाढवण्याचं नसून चार नंबरच्या शटरपाशी रात्री दोन वाजता जाऊन उभं राहण्याचं आहे.

३१. तिथे उभा राहिलास की खाली बस. डॉकच्या पट्टीला जी रबराची किंवा ब्रशची झालर असते, तिचे दोन्ही कोपरे बघ — ट्रकची मागची बाजू आदळून आदळून कोपरेच आधी झिजतात. रबर कुरतडल्याच्या बारीक समांतर खुणा, खाली काळी भुकटी, कडेला चिकटलेला एखादा राखाडी केस: इतकं दिसलं की दार सापडलं. पेन्सिल आत जात असेल तर छोटा उंदीर जातो. मोठ्याला त्याच्या दुप्पट जागा पुरते.

३२. भोक बुजवायला नुसतं सिमेंट किंवा फोम वापरू नकोस; आधी स्टीलची लोकर ठास, वर सिमेंट — ओलं सिमेंट आणि फोम तो रातोरात उकरतो.

३३. एकाच सापळ्यात सलग पकड होत राहिली तर खूश होऊ नकोस. मादी तीनेक आठवड्यांत वितेच — सापळा एकेक टिपत राहतो आणि घर मागे वाढत राहतं. बीळ शोध, खाण्याचा सांडलेला साठा शोध, तो झाडून काढायला लाव.

३४. पहाटेचे निरोप एकाएकी दिवसा यायला लागले तर सगळी कामं बाजूला ठेव — दिवसा फिरणारा उंदीर म्हणजे संख्या वाढल्याची किंवा अन्न तुटल्याची निशाणी.

आमच्या वेळेसारखेच आजही मुंबई महापालिकेचे रात्रपाळीचे मूषक संहारक काठी आणि टॉर्च घेऊन गल्ल्यांत फिरतात. एवढी मोठी मुंबई १८९६ च्या प्लेगने हादरली होती, आणि शहराला उंदराची धास्ती तेव्हापासून आहे. त्या माणसांची नजर मला कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त मोलाची वाटते, आणि तुला संधी मिळाली तर एक रात्र त्यांच्यापैकी कोणाबरोबर घालव. डेन्मार्कमध्ये उंदीर दिसला की पालिकेला कळवणं कायद्यानेच बंधनकारक आहे आणि तिथल्या गटारांत निरोप धाडणारे सापळेही बसवलेले आहेत. तरी निरोप आल्यावर गटाराचं झाकण उघडायला माणूसच जातो.

३५. निरोप एकट्या तुझ्या फोनवर येऊ देऊ नकोस, दोघांना तरी येऊ दे, आणि पहिला कोण जाणार ते ठरव — दोघांनाही ‘दुसरा गेला असेल’ असं वाटलं की मेलेला उंदीर दोन दिवस पडून राहतो, आणि आपल्या उकाड्यात दुसऱ्या दिवशी त्यावर माश्या बसलेल्या असतात.

३६. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फोटो टाकून काम झालं असं समजू नकोस. शुभ सकाळच्या फुलांखाली तो निरोप गडप होतो — नोंद ॲपमध्ये कर, केव्हा गेलास आणि काय केलंस यासकट.

३७. सापळ्यात कॅमेरा असेल तर तो बसवण्यापूर्वी तिथल्या कामगारांना बोलावून त्यातून काय दिसतं ते दाखव. जमिनीलगतचा हातभर भाग आणि कोणाची तरी चप्पल, एवढंच दिसतं — पण न सांगता बसवलास तर तो आपल्यावर पाळत ठेवायलाच आणलाय असं ते धरून चालतील, आणि मग सापळ्यावर रोज पुठ्ठा पडलेला सापडेल.

३८. मालक म्हणेल, “आता यंत्र आहे, तर माणसाच्या भेटी कमी करा, पैसेही कमी करा.” चिडू नकोस. त्याला मागच्या महिन्याचा एक निरोप आणि त्यामागे सापडलेलं भोक शेजारी ठेवून दाखव — भोक यंत्राने शोधलं नव्हतं, हे त्याला लगेच पटतं.

३९. करारात भेटींची संख्या, निरोपाला किती तासांत उत्तर द्यायचं, आणि निरोपाची नोंद कोणाच्या मालकीची, हे तिन्ही लिहून घे. ‘उंदीरमुक्त’ हा शब्द मात्र कुठेही लिहू देऊ नकोस — ज्याची दारं दिवसातून पन्नासदा उघडतात त्या जागेबद्दल असं वचन कोणी देऊ नये.

४०. अन्नाच्या धंद्याला एफएसएसएआयच्या २०११ च्या नियमांतलं शेड्यूल ४ लागू होतं आणि त्यात कीड आटोक्यात ठेवणं येतं. ऑडिटर आला की त्याला डॅशबोर्ड दाखव, पण कागदी नकाशा आणि मासिक चाचणीची वही आधी पुढे कर — यंत्र चालतं याचा पुरावा यंत्राकडून मागता येत नाही.

४१. बाहेरचं स्टेशन उघडताना हात आत घालू नकोस. आधी काठीने ठोक, झाकण स्वतःपासून लांबच्या बाजूने उचल — उंदराच्या मागे धामणही येते, नागही येतो, आणि रिकाम्या पेटीत गांधीलमाश्या पोळं करतात.

४२. हातमोजे न घालता पेटीला हात नको, पायाला जखम असेल तर पाण्यातून जाणं नको. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसचे किती रुग्ण निघाले ते आम्ही पाहिलंय — उंदराच्या लघवीने दूषित झालेलं पाणी कातडीवरच्या चिरेतून शरीरात जातं. पावसाळ्यात ताप आला तर डॉक्टरला आपलं काम काय आहे ते पहिल्या वाक्यात सांग.

४३. गोडाऊनमध्ये धान्याच्या पतंगांसाठी गंधाचे सापळे असतील तर त्यांच्या गोळीची तारीखही याच वहीत लिही — जुनी गोळी वास सोडत नाही, पतंग येत नाहीत, आणि त्यावर कॅमेरा असेल तर तो इमानदारीने शून्य दाखवत राहतो. यवतमाळकडे आपल्या भावकीत कापूस आहे, त्यांनाही हेच सांग. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे हेक्टरी पाच लावायचे आणि एका सापळ्यात रोज आठ पतंग असे सलग तीन रात्री आले तर फवारणीचा विचार करायचा, हा हिशेब गोळी ताजी असेल तरच खरा. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने कॅमेऱ्याचा कामगंध सापळाही तयार केलाय. तो शेतात आला, तरी गोळी बदलायला बांधावर कोणीतरी जावं लागणारच.

४४. जूनच्या पहिल्या आठवड्याआधी चार कामं उरकून घे. बाहेरच्या स्टेशनांच्या सेन्सरवरची रबरी चकती तपासून भेगा पडल्या असतील तर बदल. जोत्याभोवतीची बिळं नोंदव, कारण पहिल्या मोठ्या पावसात त्यांत पाणी भरलं की घरटंच्या घरटं तुझ्या शटरकडे निघतं. गेटवेच्या वर छत गळत नाही ना, ते वर चढून बघ. आणि एका बंद डब्यात प्रत्येक प्रकारच्या दोन-दोन बॅटऱ्या, एक चार्ज केलेली टॉर्च आणि सिमकार्डाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी सिक्युरिटी केबिनमध्ये ठेवून दे, म्हणजे कल्याण रस्ता तुंबून तू पोचू शकला नाहीस तरी वॉचमनला फोनवरून सांगून काम होईल.